पहिले भाग मोफत, पुढचे मेंबरशिपवर: यूट्यूबची ही सोय मराठवाड्यातल्या मालिकावाल्यांना कितपत परवडते?

गावाकडची मालिका करणाऱ्या टीमला यूट्यूबवर दोन दरवाजे एकाच घरात मिळतात. एक सगळ्यांना उघडा, दुसरा ‘जॉइन’ दाबून महिन्याचे पैसे भरणाऱ्यांसाठी. पहिले काही भाग उघडे ठेवून प्रेक्षक जमवायचा आणि पुढं मेंबरशिपवर न्यायचं, असा बेत लातूर, बीड, नांदेड, परभणीकडच्या बऱ्याच टीमच्या डोक्यात असतो. त्याच जोडणीचं हे परीक्षण.

मत आधीच सांगतो. मोफत भागांतून प्रेक्षक उभा करायला छोट्या टीमला याहून चांगलं साधन सध्या नाही. मेंबरशिप मात्र कथेलाच कुलूप म्हणून लावली तर जमवलेला प्रेक्षक विस्कटतो. तीच ‘एक आठवडा आधी बघायला मिळेल’ या बोलीवर चालवली तर थोडे का होईना, नियमित पैसे देते आणि कुणाला दुखवत नाही.

आधी अटी. मेंबरशिप सुरू करायला चॅनलवर किमान ५०० सबस्क्रायबर, गेल्या ९० दिवसांत ३ सार्वजनिक व्हिडिओ, आणि १२ महिन्यांत ३,००० तास बघितलं गेलेलं असणं किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज, एवढं लागतं. जाहिरातींचे पैसे हवे असतील तर पायरी वरची आहे: १,००० सबस्क्रायबर आणि ४,००० तास, किंवा शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. हे तास सार्वजनिक व्हिडिओंचेच धरले जातात. खासगी, अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसणारे) किंवा काढून टाकलेल्या व्हिडिओचे तास गळतात. म्हणून नव्या टीमचा पहिला सीझन पूर्ण उघडा ठेवण्याशिवाय इलाजच नाही, आणि ते चांगलंच आहे. वीस मिनिटांचा भाग माणसं सरासरी बारा मिनिटं बघत असतील तर ३,००० तासांना १५,००० व्ह्यूज लागतात. आठ भागांत ते बसतं. पहिला सीझन झाला की जुने भाग कंटाळवाणे वाटून डिलीट करणारे आहेत. त्यांनी तसं केलं की तास मागं जातात, हे ध्यानात ठेवावं.

आता मुख्य प्रश्न: किती भाग मोफत? एक पुरत नाही, आणि का पुरत नाही ते आकड्यात बघा. समजा पहिला भाग सात दिवसांत १०,००० जणांनी बघितला. दुसरा ४,००० जणांनी, तिसरा ३,३०० आणि चौथा ३,००० जणांनी. म्हणजे पहिल्याहून दुसऱ्याकडं शंभरातले चाळीस आले, दुसऱ्याहून तिसऱ्याकडं ब्याऐंशी, तिसऱ्याहून चौथ्याकडं एक्याण्णव. मोठी गळती पहिल्या उंबऱ्यावर होते. थंबनेल, म्हणजे व्हिडिओचं बाहेरचं चित्र बघून आलेले, कुणीतरी पाठवलं म्हणून उघडलेले, चुकून बोट लागलेले असे सगळे पहिल्या भागात मोजले जातात. तिसऱ्या भागापर्यंत उरलेला माणूस पात्रांच्या नावानं बोलायला लागलेला असतो. पैशाची गोष्ट काढायची ती त्याच्याशी. गळती कुठं सपाट होते ते आपल्याच आकड्यांत बघावं: एका भागाहून पुढच्या भागाकडं ऐंशी टक्क्यांहून जास्त माणसं येऊ लागली की कथेनं पकड घेतली असं धरावं, आणि त्यानंतरच मेंबरशिपची पायरी ठेवावी. बहुतेक मालिकांत ही जागा तिसऱ्या भागानंतर येते. पात्रं जास्त असतील, दोन-तीन घरांची गोष्ट असेल तर चौथ्यानंतर.

हे मोजताना एक चूक सर्रास होते. पहिला भाग चार महिन्यांपूर्वीचा आणि चौथा परवाचा, आणि दोघांचे एकूण व्ह्यूज शेजारी ठेवून ‘मालिका पडली’ म्हणायचं. तसं नाही. प्रत्येक भागाचे प्रसिद्ध झाल्यापासूनचे पहिले सात दिवस घ्या, आणि व्ह्यूजऐवजी ‘युनिक व्ह्यूअर्स’, म्हणजे वेगवेगळी माणसं किती ते बघा, कारण टीममधलेच लोक आणि पाहुणेरावळे पहिला भाग पाच-पाच वेळा बघतात. दुसऱ्या भागाचा ‘ट्रॅफिक सोर्स’, म्हणजे माणसं कुठून आली तेही उघडून बघा. एंड स्क्रीन (व्हिडिओ संपताना पडद्यावर येणाऱ्या पुढच्या व्हिडिओच्या चौकटी) आणि प्लेलिस्टमधून येणारे कमी आणि होम पेजवरून येणारे जास्त दिसले तर माणसं मधूनच शिरतायत, त्यांना पहिला भाग माहीतच नाही. अशा वेळी ‘मागच्या भागात’ म्हणून पंधरा सेकंदांची उजळणी जोडावी. त्याहून मोठी नको. सलग बघणाऱ्याला ती अडचण होते.

मोफत भागांची मांडणीही ठरवून करायला हवी. पहिला भाग एकटाच टाकून आठ दिवस थांबणं ही सगळ्यात महागात पडणारी पद्धत. गडी शेवटपर्यंत आला, पुढचं बघायची ओढ लागली, आणि एंड स्क्रीनवर पुढचं काहीच नाही. तो दुसरीकडं गेला की परत बोलवायला पुन्हा तेवढीच मेहनत. म्हणून पहिला आणि दुसरा भाग एकाच दिवशी टाकावेत, तिसरा त्याच आठवड्यात चौथ्या दिवशी. त्यानंतर दर शुक्रवारी एक. तिसरा भाग ज्या दिवशी सगळ्यांना खुला होतो त्याच दिवशी चौथा मेंबर्ससाठी तयार असावा, म्हणजे ज्याला धीर धरवत नाही त्याच्यासमोर वाट उघडी असते.

त्यासाठी भाग हाताशी हवेत. आठ भागांचा सीझन असेल तर पहिला टाकण्याआधी निदान पाच भाग एडिट होऊन पडलेले असावेत. आपल्याकडं शूट अडण्याची कारणं ठरलेली आहेत: पेरणीला निम्मी टीम शेतात, ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, दिवाळीच्या पुढं-मागं माणसं उसाच्या टोळ्यांबरोबर कारखान्याला, फेब्रुवारी-मार्चला परीक्षा. शिवाय पीक थांबत नाही. पहिल्या भागात गुडघ्याएवढं सोयाबीन आणि कथेत दुसऱ्याच दिवशीचा प्रसंग असलेल्या चौथ्या भागात नांगरलेलं रान, हे शहरातल्या प्रेक्षकाला दिसणार नाही, पण औसा-निलंग्याच्या शेतकऱ्याला पहिल्या नजरेत दिसतं आणि कमेंटमध्ये तेच येतं. शेतातले सगळ्या भागांचे सीन एका दमात उरकून घ्यावेत.

पहिल्या भागाच्या आतल्या मांडणीबद्दल यूट्यूबचा रिटेन्शन आलेख, म्हणजे माणसं कुठवर टिकली ते दाखवणारी रेघ, फार कामाचा आहे. पहिल्या ३० सेकंदांनंतर किती टक्के माणसं उरली तो आकडा यूट्यूब स्टुडिओ (चॅनल सांभाळायचं यूट्यूबचं साधन) वेगळा काढून देतो. ड्रोननं घेतलेलं गाव, मंदिराचा कळस, बासरी आणि चाळीस सेकंद नामावळी, ही आपल्याकडची आवडती सुरुवात तिथंच मार खाते. आधी प्रसंग, भांडण, कुणाचं तरी अडलेलं काम. नामावळी दीड-दोन मिनिटांनी, दहा सेकंदांत. पहिल्या भागात एक गोष्ट पूर्ण व्हावी आणि एक उघडी राहावी. नुसतीच उघडी ठेवली तर फसवल्यासारखं वाटतं. पूर्णच केली तर दुसऱ्या भागाला यायचं कारण उरत नाही. उदाहरण द्यायचं तर बांधाचं भांडण पहिल्या भागात मिटावं, पण मोजणीच्या कागदावर तिसऱ्याच माणसाचं नाव निघावं.

पहिल्या भागातल्या मधल्या जाहिराती बंद ठेवाव्यात. आठ मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत मध्ये जाहिरात घालता येते, तिची जागा हातानं ठरवता येते. दुसऱ्या भागापासून ती सीन बदलताना ठेवा, संवादाच्या मध्ये नको. जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के निर्मात्याला मिळतात. तरी पहिल्या भागातून चार पैसे मिळवण्यापेक्षा दुसऱ्या भागात माणूस येणं जास्त मोलाचं. सुरुवातीची जाहिरात मात्र आपण बंद केली तरी यूट्यूब दाखवू शकतं, त्यावर आपला हात नाही.

आता प्रत्यक्ष साधनं. प्लेलिस्टच्या सेटिंगमध्ये ती ‘अधिकृत मालिका’ म्हणून ठरवायची सोय आहे. ती लावली की हे व्हिडिओ एकत्र बघायचे आहेत हे यूट्यूबला कळतं. एक व्हिडिओ अशा एकाच प्लेलिस्टमध्ये राहू शकतो, म्हणून ‘सीझन १’, ‘सगळे भाग’, ‘गाजलेले भाग’ अशा तीन ठिकाणी मालिकेचा शिक्का मारायला जाऊ नका. क्रम हातानं लावा, पहिला भाग सगळ्यात वर. मेंबर्ससाठीचा भाग या उघड्या प्लेलिस्टमध्ये टाकू नका. सलग बघत आलेला माणूस चौथ्या भागाला भिंतीवर आदळतो आणि तिथूनच परततो. त्यांच्यासाठी वेगळी प्लेलिस्ट ठेवा आणि भाग सगळ्यांना खुला झाला की उघड्या प्लेलिस्टमध्ये जोडा.

एंड स्क्रीन शेवटच्या ५ ते २० सेकंदांत बसते आणि तिच्यावर चार गोष्टी मावतात. चारही लावू नका. पुढचा भाग मोठा, शेजारी सबस्क्राइब, बस्स. हे २० सेकंद शूट करतानाच धरायला हवेत, नाहीतर शेवटच्या संवादावरच चौकटी चढतात आणि ज्या चेहऱ्यासाठी प्रसंग रचला तोच झाकला जातो. शेवटचा शॉट कॅमेरा न हलवता आणखी पंचवीस सेकंद चालू ठेवायचा, पात्रं चौकटीच्या डाव्या बाजूला, उजवी बाजू मोकळी. एडिटच्या टेबलावर याचं महत्त्व कळतं. भाग दुसरा अजून आला नसेल तर तिथं प्लेलिस्ट लावा आणि तो आला की परत जाऊन नेमका व्हिडिओ लावा. एंड स्क्रीन नंतर बदलता येते, हे बरेच जण विसरतात.

थंबनेल १२८० गुणिले ७२० पिक्सेलचं. भागाचा आकडा वर डाव्या कोपऱ्यात, ठळक. खाली उजवीकडं यूट्यूब व्हिडिओची लांबी छापतं, तिथं लिहिलेलं सगळं झाकलं जातं. नावात आधी मालिका, मग भाग क्रमांक, मग त्या भागाचं नाव. उलट केलं तर मोबाइलवर क्रमांक कापला जातो आणि तिसरा भाग कुठला तेच कळत नाही. वर्णनात मालिकेचं नाव रोमन लिपीतही लिहा, कारण निम्मी माणसं मराठी नाव तसंच टाइप करून शोधतात. एकाच व्हिडिओला तीन थंबनेल देऊन कुठलं जास्त चालतं ते तपासायची सोय कॉम्प्युटरवरच्या स्टुडिओत आहे. ती पहिल्या भागासाठी जरूर वापरा, बाकीच्यांना फारशी गरज नाही.

शॉर्ट्स जाहिरातीसारखे वापरावेत. १५ ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट तीन मिनिटांपर्यंत चालतो, पण चाळीस-पन्नास सेकंदांतला एकच विनोद किंवा एकच ठसका पुरे. शॉर्टच्या वर्णनात किंवा कमेंटमध्ये दिलेल्या लिंकवर बोट लावून काही होत नाही. ‘रिलेटेड व्हिडिओ’ या जागी पहिला भाग जोडावा लागतो. पाचव्या भागातला शॉर्ट असला तरी जोडायचा पहिलाच भाग. पाचवाच जोडला तर माणूस येतो, कोण कुणाचं काय लागतं ते कळत नाही, निघून जातो. शॉर्ट्सचे व्ह्यूज लाखांत आले म्हणून मालिकेचा प्रेक्षक तेवढा झाला असं मात्र होत नाही. ते वेगळं गिऱ्हाईक आहे, त्यातले थोडेच वीस मिनिटं बसतात.

मेंबरशिपचा हिशोब नीट मांडतो, कारण इथंच अपेक्षा फुगतात. कर वजा जाता उरलेल्या रकमेतले ७० टक्के निर्मात्याचे. महिन्याला ५९ रुपयांची लेव्हल (मेंबरशिपची पायरी) धरा. करासकट ५९ म्हणजे १८ टक्के जीएसटी काढून ५०, त्यातले ३५ हातात. २९ रुपयांच्या लेव्हलवर साधारण १७. आधीच्या उदाहरणात तिसरा भाग बघणारे ३,३०० होते. त्यातले शंभरात तीन जरी आले तरी ९९ मेंबर, म्हणजे महिन्याला ३,४६५ रुपये. एका दिवसाच्या शूटचा चहा-नाष्टा आणि गाडीचं डिझेल निघेल, सीझनचा खर्च नाही. आयफोनच्या ॲपमधून जॉइन केलं तर प्रेक्षकाला किंमत जास्त पडते, म्हणून लिंक ब्राउझरमध्ये उघडायला सांगावं. लेव्हल एकच ठेवा, फार तर दोन. पाच-पाच लेव्हल, प्रत्येकीला वेगळे फायदे, हे सांभाळायला वेगळा माणूस लागतो आणि कबूल केलेलं दिलं नाही की नाराजी वाढते.

म्हणूनच कुलूप नको म्हणतो. चौथ्या भागापासून कायमचं बंद केलं तर ३,३०० पैकी ३,२०० माणसं कथा अर्धी टाकून जाणार आणि पुढच्या सीझनला येणार नाहीत. तोच भाग मेंबर्सना या शुक्रवारी, बाकीच्यांना पुढच्या शुक्रवारी दिला तर दोघेही टिकतात. व्हिजिबिलिटी आधी ‘मेंबर्स ओन्ली’, ठरल्या दिवशी ‘पब्लिक’. खुला झाल्यावर सगळ्यांना नोटिफिकेशन जाईलच असं धरू नका. कम्युनिटी पोस्ट (चॅनलवर टाकायचा लेखी निरोप) टाका, व्हॉट्सॲपवर लिंक फिरवा. आणि एकदा मोफत दिलेला भाग मागाहून बंद करू नका. गावोगावच्या ग्रुपवर फिरलेल्या लिंका मरतात, आणि ‘दाखवलं आणि काढून घेतलं’ ही भावना पैसे मागण्यापेक्षा जास्त बोचते.

पैशाची गोष्ट कुठं आणि कशी बोलायची? तिसऱ्या भागाच्या शेवटी, बारा-पंधरा सेकंद, पात्राच्याच तोंडून. हात जोडून ‘आम्हाला सपोर्ट करा’ म्हणण्यापेक्षा हे चालतं: ‘पुढं काय झालं ते आजच बघायचंय का? मग जॉइन दाबा. नसंल घाई तर शुक्रवारी रात्री आठला हितंच या, फुकटच हाय.’ या दुसऱ्या वाक्यात सगळं आहे. न भरणाऱ्याचा मान राहतो, आणि शुक्रवारची वेळ त्याच्या डोक्यात बसते.

आपल्याकडं अडचण पैशांची कमी आणि भीतीची जास्त आहे. एक रुपयात ट्रायल म्हणून घेतलेल्या ॲपनं पुढं ऑटोपेनं शेकड्यांत पैसे कापले, असा अनुभव घरोघरी कुणाला ना कुणाला आलेला असतो. त्यामुळं ‘जॉइन’ म्हटलं की हात आखडतो. यावर उपाय एकच: बंद कसं करायचं ते आधी सांगा. पिन केलेल्या कमेंटमध्ये लिहा की रक्कम दर महिन्याला कटते, यूट्यूबमध्ये आपल्या प्रोफाइलवर जाऊन ‘खरेदी आणि मेंबरशिप’ उघडून केव्हाही रद्द करता येते, आणि रद्द केल्यावर भरलेल्या मुदतीपर्यंत भाग दिसतात. एका मिनिटाचा स्क्रीन रेकॉर्डिंगचा व्हिडिओ केला तर आणखी उत्तम. घरात पैसे भरणारा बहुतेक वेळा पुण्यात, चाकणला नोकरी करणारा मुलगा असतो आणि बघणारी गावातली आई. एकाचं अकाउंट, दुसऱ्याचा मोबाइल, म्हणून भाग दिसत नाही, अशी तक्रार सगळ्यात जास्त येते. मेंबरशिप ज्या जीमेलवर घेतली त्याच जीमेलनं लॉगिन लागतं, हे मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

वेळेचं बोलायचं तर रात्री आठ योग्य. गुरंढोरं, स्वयंपाक उरकलेला असतो आणि रात्रपाळीच्या लाइटवर पाणी द्यायला निघणारा अजून घरी असतो. अडचण डेटाची. रोजचा दीड-दोन जीबी संध्याकाळपर्यंत क्रिकेट आणि रील्सवर संपलेला असतो आणि नवा मध्यरात्रीनंतर येतो. वीस मिनिटांचा भाग ४८० पीवर साधारण शंभर ते दोनशे एमबी खातो, त्यामुळं भाग पंचेचाळीस मिनिटांचा करण्याचा मोह टाळा. बारीक अक्षरात लिहिलेलं पत्र किंवा मेसेज पडद्यावर दाखवून कथा पुढं नेऊ नका. कमी दर्जावर ते वाचता येत नाही, पात्राला मोठ्यानं वाचू द्या.

वेळ अमावास्येच्या, म्हणजे येळवशीच्या दिवशी लातूर-धाराशिवकडं सगळं गाव शेतात असतं, त्या दिवशी नवा भाग टाकू नका; पण आदल्या दिवशी टाकला तर शेतातल्या भज्जी-आंबिलीबरोबर त्याचीच चर्चा होते. गणेशोत्सव ही मोफत भागांची सगळ्यात चांगली जागा. मंडळाला पडदा आणि प्रोजेक्टर लागतोच, त्यांना पहिले दोन भाग चौकात दाखवायला द्या आणि शेवटी क्यूआर कोड दोन मिनिटं पडद्यावर ठेवा. तिथं दोनशे माणसांनी बघितलं तरी व्ह्यू फार तर एकच मोजला जातो, फाइलवरून दाखवलं तर तोही नाही. सबस्क्रायबर किती वाढले तेवढंच बघायचं. तेव्हा नेट दगा देतं, म्हणून फाइल पेनड्राइव्हवर द्यावी.

गाण्यांबाबत सावध. लग्नाच्या सीनमध्ये मागं डीजेवर सिनेमाचं गाणं वाजलं की कंटेंट आयडी (दुसऱ्याच्या मालकीची गाणी शोधणारी यूट्यूबची यंत्रणा) ते ओळखतो आणि त्या भागाचं जाहिरातीचं उत्पन्न संगीत कंपनीकडं जातं किंवा भाग अडतो. मोफत भाग हेच तुमचं दार, तेच अडकलं तर मागचं सगळं बंद. हलगी, संबळ, भारूड, जात्यावरच्या ओव्या आपल्याकडं भरपूर आहेत. शब्द पारंपरिक असले तरी दुसऱ्यानं केलेलं रेकॉर्डिंग त्याचं असतं. गावातल्या कलावंताकडून नव्यानं गाऊन घ्या, मानधन द्या, कागदावर सही घ्या. चुकून राहिलंच तर भाग काढून पुन्हा टाकू नका, व्ह्यूज आणि लिंका जातात. स्टुडिओतल्या एडिटरमध्ये तेवढंच गाणं बंद करता येतं.

उभ्या पडद्याच्या सूक्ष्म मालिकांच्या ॲपशी तुलना होतेच. तिथं दीड-दोन मिनिटांचे भाग असतात, सुरुवातीचे मोफत आणि पुढं ॲपमध्ये विकत घ्यायची नाणी किंवा सबस्क्रिप्शन. ती पद्धत त्यांना जमते कारण जाहिरातीवर मोठा पैसा ओतून रोज नवा माणूस आणता येतो, जुना गेला तरी चालतो. एका जिल्ह्याच्या बोलीत बोलणाऱ्या मालिकेला तो मार्ग नाही. तिचा प्रेक्षक मोजका, एकमेकांना ओळखणारा, आणि तोच पुढच्या सीझनला परत यायला हवा.

पैसे हाती येण्यातल्या दोन खाचा सांगायला हव्यात. ॲडसेन्समध्ये (यूट्यूबचे पैसे ज्यातून मिळतात ते गूगलचं खातं) १० डॉलर जमले की पत्ता पडताळायला पोस्टानं पिनचं पत्र येतं. वाडी-तांड्यावर ते हरवतं. पत्त्यात पोस्ट ऑफिसचं गाव, तालुका आणि पिनकोड स्पष्ट टाका आणि पोस्टमनला आधी सांगून ठेवा. रक्कम १०० डॉलर झाल्याशिवाय बँकेत येत नाही. खातं देताना स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशी रकमेसाठीचा बँकेचा कोड लागतो. गावातल्या शाखेला तो बहुधा नसतो, शाखेत विचारून त्याच बँकेच्या ज्या शाखेमार्फत परदेशी रक्कम येते तिचा घ्यावा. चॅनल एकाच्या नावावर आणि काम दहा जणांचं असेल तर वाटा कुणाला किती हे पहिला भाग टाकण्याआधी लिहून घ्या. टीम फुटण्याचं कारण बहुतेक वेळा इथंच असतं.

सीझन संपल्यावर काय, हा या सेवेचा सगळ्यात कच्चा भाग. मेंबरशिप दर महिन्याला कटते, मालिका दर महिन्याला येत नाही. आठवा भाग खुला झाला की मेंबरला इतरांच्या आधी देण्यासारखं काही उरत नाही. दोनच सरळ वाटा आहेत. एक, मधल्या महिन्यांत महिन्याला एक तरी खास व्हिडिओ: कापलेले प्रसंग, पुढच्या सीझनचं वाचन, कलाकारांशी गप्पा. तेवढी ताकद नसेल तर मेंबर्ससाठीच्या पोस्टमध्ये साफ सांगा की पुढचा भाग अमुक महिन्यात येणार आहे, तोवर मेंबरशिप रद्द केली तरी चालेल. काही जण रद्द करतील. पुढच्या सीझनचा पहिला भाग पुन्हा सगळ्यांना मोफत असतो, त्याच्या आठ दिवस आधी जुना तिसरा आणि आठवा भाग कम्युनिटी पोस्टमध्ये परत वर आणा, आणि आठव्या भागाची एंड स्क्रीन बदलून तिथं नव्या सीझनचा पहिला भाग लावा.